बसा म्हणायचं राहिलं

सुरुवातीलाच सांगून टाकतो. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पदरचं घालायला अंगात ताकद लागते, आणि ती आता उरलेली नाही.

भयकथेला रात्र लागते, हे मला माहीत आहे. अमावस्या असली तर उत्तम. पण माझा नाइलाज आहे. हे घडलं ते भर दुपारी. या वर्षीच्या जानेवारीत, एका मंगळवारी, दोन वाजून चाळीस मिनिटांनी. पोशीर गावात. ऊन लख्ख होतं. शेजारच्या घरात टीव्हीवर सासू सुनेला बोलत होती.

आणि तरीही...

जाऊ दे. क्रमाने सांगतो.

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा खालापुरात. सगळं आयुष्य लोकांची प्रतिज्ञापत्रं वाचण्यात गेलं. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या वाक्याच्या वर माणूस काय काय लिहू शकतो, ते मी पाहिलंय. त्यामुळे भुतांवर माझा विश्वास नव्हता. जिवंतांवरच नव्हता, तर मेलेल्यांवर कुठून असणार?

आता नेरळला चौथ्या मजल्यावर राहतो. एकटाच. इमारतीला लिफ्ट आहे, पण तीही माझ्यासारखीच. निवृत्त.

सिराज माझा मित्र. स्टेशनजवळ त्याचं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. गेली पस्तीस वर्षं सगळं नेरळ त्याच्या स्टुलावर बसून, हनुवटी वर करून, गुन्हेगारासारखं कॅमेऱ्याकडे बघत आलंय. त्याचे आजोबा दाऊदमियाही फोटो काढायचे. माथेरानला उन्हाळ्यात येणाऱ्या कुणा साहेबाकडे ते कामाला होते. साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना आपला कॅमेरा त्यांना देऊन गेला. कॅमेऱ्याबद्दल एवढंच सिराजला माहीत होतं.

गेल्या डिसेंबरात त्याने घराचा माळा रिकामा करायला काढला. सोबतीला मला बोलावलं. दमलेल्या माणसाला दुसरा दमलेला माणूस बरा वाटतो.

माळ्यावर एक सागवानी पेटी निघाली.

आत काचा होत्या. वहीच्या पानाहून जरा लहान. एकूण तेहतीस. तीन-तीन काचा एकेका कागदात गुंडाळलेल्या, आणि उजेडाकडे धरल्या तर तिन्हींवर एकच चित्र.

"आजोबांचा स्वतःवर भरवसा नव्हता वाटतं," सिराज म्हणाला. "एकच फोटो तीनदा काढून ठेवायचे."

आम्ही दोघे हसलो. आमची अक्कल तिथेच संपली.

पुढची अक्कल सुरभीची. ही माझी भाची. कर्जतला असते, कॉम्प्युटरवर काम करते, रविवारी मामा जिवंत आहे का ते बघायला येते. तिने काचा पाहिल्या आणि डोक्याला हात लावला.

"मामा, हे एकच चित्र नाहीये रे. ही काच लाल भिंगातून काढलीय. ही हिरव्यातून. ही निळ्यातून. तिन्ही एकावर एक बसवल्या की रंग येतो. तेव्हा रंगीत फोटो असाच काढायचे."

सिराजच्या दुकानातल्या यंत्रावर तिने काचा उतरवून घेतल्या. लॅपटॉपवर जुळवल्या.

आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या नेरळ बाजारातली भेंडी हिरवी झाली.

माझा आपला समज होता की जुना काळ काळा-पांढराच होता. माझे आजोबा राखाडी होते, आजी राखाडी होती, त्यांचं जेवणही राखाडी असणार. इथे तर न्हाव्याच्या खांद्यावर लाल पंचा होता. सुक्या बोंबलांची टोपली घेतलेल्या म्हातारीच्या कपाळावरचं गोंदण हिरवं होतं. एका माणसाच्या धोतराला ताजा चिखल लागलेला होता. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी लागल्यासारखा.

बारकाईने पाहिलं तर प्रत्येकाच्या कडेला एक लाल-निळी किनार दिसायची. तीन काचा बदलायला दीड-दोन मिनिटं लागायची, आणि माणूस काही तेवढा वेळ दगड होत नाही. श्वास घेतो, डोळा मिचकावतो. बाजारातलं कुत्रं तर तीन ठिकाणी होतं. एक लाल, एक हिरवं, एक निळं.

"अब्बा सांगायचे," सिराजला आठवलं. "आजोबा फोटोआधी लोकांना दम द्यायचे. मी 'बसा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. जो हलेल त्याचा एक रंग जाईल."

"बरोबरच सांगायचे," सुरभी म्हणाली. "फोटोतला जायचाच."

"हो. पण लोकांना वाटायचं, अंगातला."

आम्ही पुन्हा हसलो.

"आणि फोटो संपला की आजोबा हात वर करून म्हणायचे, 'बसा आता. लय दमलात.' ते ऐकल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही."

दहा फोटो झाले. अकरावा शेवटचा.

त्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'पोशीर. खळं.' आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, घाईच्या अक्षरात...

'बसा म्हणायचं राहिलं.'

सुरभीने तीन काचा जुळवल्या.

भाताचं खळं होतं. सोनेरी पेंढ्याची रास. दोन पुरुष भाताचे भारे डोक्यावर उगारून उभे, आपटायच्या बेतात. तीन बायका, कुणाच्या हातात केरसुणी, कुणाच्या टोपली. मध्ये उंच पाटावर एक तरुण बाई. हिरवं लुगडं, दोन्ही हातांत सूप, सूप डोक्याच्याही वर धरलेलं. वाऱ्यावर भात सोडायच्या आधीचा क्षण. तिचा पदर धरून चार-पाच वर्षांची एक मुलगी.

सुरभी स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"मामा... यात काहीतरी चुकलंय."

"चांगला तर आलाय."

"तेच तर."

मीही पाहिलं. पेंढ्याची टोकं थरथरलेली. मागच्या बैलाचं शेपूट तिरंगी. झाडाची पानं सगळी विस्कटलेली. पण माणसं...

माणसांना किनार नव्हती.

एकालाही नाही. दोन मिनिटं हात वर धरून उभी असलेली बाई, आणि तिची पापणीसुद्धा हललेली नव्हती.

फक्त मुलगी हललेली होती. तिच्यात निळा रंगच नव्हता. ती नुसती पिवळट होती. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर, मान वळवलेली, तिचा निळा रंग वेगळा उभा होता.

सुरभीने तो फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, 'पोशीर, अंदाजे १९३५', आणि सिराजच्या दुकानाचा नंबर. दोनशे लोकांनी 'सोन्यासारखे दिवस' असं लिहिलं. त्यातल्या एकानेही भात झोडलेला नसावा.

तिसऱ्या दिवशी सिराजच्या दुकानात फोन आला.

"तो फोटू तुमीच टाकला ना? मी पोशीरवरून संतोष बोलतो. ती सूपवाली माजी आजी हाय. सुंदरा. आन ती बारकी पोरगी... माजी आय. सोनुबाई."

"असं? आई आहेत अजून?" सिराजने आनंदाने विचारलं.

"हाय," संतोष म्हणाला. "हाय म्हंजे... चाळीस दिस झालं. दोन चमचे पेजेच्या पान्यावर हाय. डॉक्टर बोलला, घरी न्या, आता काय नाय. घरी आनली. पन ती जात बी नाय. जीव सुटत नाय तिचा. गंगा पाजली, गाय दावली, पोरांना सगळ्यांना बोलावलं. रातदिस एकच बोलते, आये उभी हाय, आये उभी हाय." त्याचा आवाज फाटला. "आमी दमलो हो. ती आमच्याहून दमली. तो फोटू घेऊन या. आईचं तोंड बघून तरी सुटंल. हात जोडतो."

मंगळवारी दुपारी आम्ही तिघे निघालो. सुरभीची गाडी, मागे मी आणि फ्रेम केलेला मोठा फोटो. सिराजच्या मांडीवर त्या तीन काचा. त्या कशाला घेतल्यास, असं मी विचारलं. "माहीत नाही भाऊ," म्हणाला.

संतोषचं घर नवं होतं. स्लॅबचं, पुढे टाइल्स लावलेलं. तो स्वतः साजगावच्या कारखान्यातून सुटलेला, साठीचा माणूस. दाढी वाढलेली. पुढच्या अंगणात लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवलेले.

"हेच खळं," तो म्हणाला. "आता मशीन शेतावरच येते. खळं कुनाला लागतंय?"

त्याची बायको संजना दारात आली. तिच्या डोळ्यांखाली चाळीस रात्रींची जागरणं होती.

"या. चपला ऱ्हाऊ द्या. फरशी मीच पुसते, मलाच परत पुसायची हाय."

सोनुबाई पुढच्याच खोलीत पलंगावर होती. चादरीखाली माणूस आहे की चादरीची घडी, ते कळत नव्हतं. फक्त उजवा हात बाहेर. मूठ घट्ट आवळलेली. नखं तळव्यात रुतलेली.

"ती उघडतच नाय," संजना म्हणाली. "डॉक्टरनी बी बघितलं. शिरा आखडल्या बोलला. पन मला सांगा काका, शिरा आखडलेला हात असा खालीवर व्हतो का? कुनी पदर ओढल्यावानी?"

मी पाहिलं. मूठ हळूच वर जात होती... खाली येत होती. श्वासाच्या लयीत. पण सोनुबाईचा श्वास वेगळा चालला होता.

मी फोटो तिच्यापुढे धरला.

तिने डोळे उघडले. बराच वेळ पाहत राहिली. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "आये दिसली. पन माजा निळा कुठं गेला?"

संजनाने माझ्याकडे पाहिलं. "आत्याला निळा रंग दिसतच नाय. पयल्यापासून. निळं लुगडं आनलं की बोलायच्या, काळं कशाला आनलंस गं, मी मेले का?"

सिराज खाली बघत होता.

"त्या दिवशी काय झालं होतं, आई?" मी विचारलं.

सोनुबाई थांबत थांबत बोलली. प्रत्येक वाक्यानंतर वाटायचं, हे शेवटचं.

"फोटूवाला बोलला, हलू नका. आये सूप घेऊन उभी. भरल्यालं सूप. तो मोजत व्हता. एक डाव झाला. दोन डाव झालं. तिसऱ्या डावाला नेरळवरून मानूस धावत आला. तुजी आय पडली बोलला. फोटूवाला तसाच पळाला. डबा तिथंच." तिने ओठ ओले केले. "मी मान वळवली. मीच एकली. बाकी कोन हललं नाय."

"मग?"

"उभी रायली समदी. लय वेळ. मग म्हातारा बोलला, चला रं, भात पडलंय. कामाला लागली." ती थांबली. "हललो... पन सुटलो नाय."

शेजारच्या टीव्हीवरची सासू मध्येच गप्प झाली. लाइट गेली असेल, असं मला वाटलं. डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता.

"आये रातीला निजली तरी बोलायची, सोने, माजं हात भरून आलं गं. सूप खाली ठेवू का? मी बोलायची, आये, तुज्या हातात काय बी नाय. वरसानी गेली. तिरडीवर बांधताना हात खाली येईनात. तसंच नेलं. वर धरून."

सिराजने कपाळावरचा घाम पुसला. जानेवारीत.

"आजोबांची आई त्याच दिवशी वारली," तो मला हळू आवाजात म्हणाला. "अब्बा सांगायचे, तिसऱ्या दिवशी ते कॅमेरा न्यायला आले होते. त्यानंतर त्यांनी रंगीत फोटो काढला नाही. का ते अब्बांनाही सांगितलं नाही."

"तेव्हाच आले होते, तर 'बसा' म्हणून गेले असते," मी म्हणालो.

"कुणाला म्हणणार, भाऊ? अंगणात कोणी नसताना?"

तेवढ्यात बाहेरून सुरभीची हाक आली. "मामा, जरा ये ना."

तेव्हाच्या आणि आताच्या खळ्याचे फोटो शेजारी-शेजारी लावायचे, म्हणून ती अंगणात मोबाईलने फोटो काढत होती. तिने चालू कॅमेऱ्याचा स्क्रीन माझ्यापुढे केला.

रिकामं अंगण. पेव्हर ब्लॉक. लख्ख ऊन.

आणि ब्लॉकवर सावल्या.

मी अंगणाकडे पाहिलं. काही नाही. स्क्रीनकडे पाहिलं. सावल्या. दोन उगारलेल्या. तीन वाकलेल्या. मध्ये एक उंच, दोन्ही हात डोक्याच्या वर. तिला चिकटून एक छोटी.

"सात," माझ्या मागून संजना म्हणाली. ती केव्हा आली ते कळलं नव्हतं.

वारा थांबला होता. कोंबड्या कोपऱ्यात बसल्या होत्या, चोची मिटून. गावात कुठेही, काहीही वाजत नव्हतं. मला फक्त माझे गुडघे ऐकू येत होते. आणि वास येत होता. नव्या पेंढ्याचा. त्या अंगणात वीस वर्षांत पेंढा पडलेला नव्हता.

संतोष पुढे झाला. पायरीवरून ओरडला, "बसा! बसा रं समदी! आजे, बस गं!"

काही नाही. मोबाईलमधल्या सावल्या तशाच.

मग सगळ्यांनी सिराजकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" सिराज म्हणाला. "मी पाच वेळचा नमाजी माणूस. मी असलं काही मानत नाही."

"मीपण मानत नाही," मी म्हणालो. "पण ती बाई दमलीय रे."

"काका, तुमी मानू नका," संजना म्हणाली. "नुसतं बोला. आमी मत देतो तवा काय मानून देतो का?"

सिराज पायरीवर उभा राहिला. घसा साफ केला. आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं, अर्धवट, जमिनीकडे बघून पुटपुटला, "बसा आता. लय दमलात."

काही झालं नाही.

आतून सोनुबाईचा आवाज आला.

"मोजल्याबिगर कसं सोडतोस रं?"

बरोबर होतं तिचं. तिसरा डाव पुरा झालाच नव्हता.

सिराजने कागदातून तिसरी काच काढली. निळ्याची. ती डोळ्यांसमोर धरली, दुकानात धरतो तसा ताठ झाला. आवाज बदलला. पस्तीस वर्षांचा धंदा बोलायला लागला.

"सगळ्यांनी समोर बघा. हलू नका."

आणि मोजायला लागला.

"एक... दोन... तीन..."

आम्ही चौघेही ताठ उभे होतो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"नऊ... दहा..."

माझे खांदे दुखायला लागले. म्हणजे नेहमीचे नव्हे. हात वर धरल्यावर दुखतात तसे. माझे हात खाली होते. मी दोनदा बघून घेतलं.

"सतरा... अठरा..."

संतोष रडत होता, पण डोळा पुसायला त्याने हात उचलला नाही.

"अठ्ठावीस... एकोणतीस... तीस."

आणि सिराज गप्प झाला.

तोंड उघडं. शब्द नाही.

एक क्षण गेला. दुसरा गेला. माझ्या मनात आलं, आता हा पळून जाणार. आजोबांसारखाच.

"सिराज," मी म्हणालो. "बोल बाबा."

त्याने हात वर केला.

"बसा आता," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण फार म्हातारा. "लय दमलात. माफी करा... उशीर झाला."

आधी काहीच नाही.

मग...

सर्रर्रर्र...

सुपातून भात पडल्याचा आवाज. बारीक, सलग, न संपणारा. ब्लॉकवर नव्हे, सारवलेल्या जमिनीवर पडतो तसा. अंगण रिकामं होतं आणि आमच्यासमोर भात पडत होता. वारा एकदम सुटला. तोंडावर तूस आलं. मी डोळे मिटले.

आवाज थांबल्यावर, अगदी जवळून, कुणीतरी मोठा श्वास सोडला. गुडघ्यावर हात ठेवून जमिनीवर बसताना बायका सोडतात तसा. एकामागून एक. मी मोजले.

सहा.

आम्ही आत धावलो.

सोनुबाईची मूठ उघडलेली होती. तळव्यावर कापडाच्या विणीची खूण उमटली होती, ओल्या पिठावर उमटावी तशी. ती खिडकीतून वर बघत होती.

"गं बाय," ती म्हणाली. "आभाळ असं असतंय व्हय?"

थोड्या वेळाने म्हणाली, "आये बसली."

सातवा श्वास तिचा होता.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शेजारच्या टीव्हीवरची सासू पुन्हा बोलायला लागली. संजना पलंगाच्या कडेला बसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच टेकल्यासारखी. ती रडली नाही. म्हणाली, "आत्या, आता मी पन बसते जरा."

फोटोचं काय झालं ते मला आधी संतोषने दाखवलं. दिवसकार्य झाल्यावर तो फ्रेम घेऊन नेरळला आला. टेबलावर ठेवली.

फ्रेममधला फोटो तोच होता. पेंढा तोच, बैल तोच. पण माणसं विस्कटली होती. लाल, हिरवी, निळी. वरून खालपर्यंत ओघळल्यासारखी. सुंदराचं तोंड आता ओळखू येत नाही. ती तीन रंगांत बसत गेलेली दिसते. पाटावर, रिकामं सूप मांडीवर.

मुलगी मात्र स्पष्ट आहे. तिन्ही रंग तिच्यात आहेत. तिचा हात मोकळा आहे.

आम्ही मूळ काचा उजेडाकडे धरून पाहिल्या. त्यांतही तसंच. फेसबुकवरचाही तसाच. खाली कुणीतरी लिहिलंय, 'फोटो नीट काढता येत नाही तर टाकता कशाला?'

"आजीचं तोंड गेलं," मी संतोषला म्हणालो. मला वाईट वाटत होतं. तिचा तेवढा एकच फोटो होता.

"जाऊंद्या," तो म्हणाला. "बसली ना."

इथे गोष्ट संपायला हवी होती.

सिराज आता प्रत्येक पासपोर्ट फोटोनंतर हात वर करून मोठ्याने "बसा आता, लय दमलात" म्हणतो. गिऱ्हाईक गोंधळतं, कारण ते आधीच बसलेलं असतं. बाकीच्या दहा फोटोंच्या कागदांवर काही लिहिलेलं नाही, म्हणजे आजोबांनी तिथे 'बसा' म्हटलं असणार. तरी मी आणि तो एकदा नेरळच्या बाजारात जाऊन, भाजीवालीसमोर उभे राहून, हळूच म्हणून आलो. भाजीवालीने आम्हाला पाणी दिलं.

माझी अडचण वेगळी आहे.

नोव्हेंबर आला. पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत असं सरकारला कळवायचा महिना. हल्ली मोबाईलसमोर बसून चेहरा दाखवायचा असतो. गेल्या रविवारी सुरभी आली. मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मोबाईल समोर धरला.

"मामा, समोर बघ. हलू नकोस हं. मी सांगेपर्यंत अजिबात हलू नकोस."

मी बसलो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या सासूबाई कर्जतच्या घरात पाय घसरून पडल्या होत्या. ती तशीच पळाली. सासूबाई बऱ्या आहेत, नुसतं मुरगळलंय. दाखलाही नंतर कचेरीत जाऊन कागदावर दिला. कागदोपत्री मी जिवंत आहे.

पण ती पळाली, तेव्हा सांगायचं राहिलं.

मी उठलो. जेवलो. झोपलो. रोजचं सगळं चाललंय. फक्त मान अवघडलेली आहे. झोपेतसुद्धा हनुवटी वर असते.

रात्री फोनवर सुरभीला म्हणालो, "बाई, एकदा 'हल आता' म्हण." ती हसली आणि म्हणाली, "हल आता, मामा." पण हसत म्हणाली. आणि फोनवर म्हणाली. ते लागू झालं की नाही, कोण जाणे. ती रविवारी येणार आहे. समोर उभं राहून म्हणेल.

तोवर मी दुसरी खुर्ची वापरतोय. लाकडी आहे, पाठीला लागते.

काल सकाळी चहा घेऊन आलो तेव्हा खिडकीजवळच्या त्या खुर्चीतली उशी पाहिली. दबलेली होती. हात लावला... गरम होती.

तिथे मी बसत नाही. आधीच कोणीतरी बसलेलं असताना वर कसं बसायचं? आणि तो बिचारा किती दमला असेल, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?